गॅरेजातल्या वायरिंगचा दाखला

रविवारी सकाळी पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला आणि तिच्या आवाजावरूनच मी ओळखलं, काहीतरी फिसकटलंय.

"अगं, घराचं परत अडलंय," ती म्हणाली. "गॅरेजच्या वायरिंगचं सर्टिफिकेट मागतायत."

इंग्लंडात, रीडिंगला, आमच्या घरापासून चार पावलांवर तिचं घर होतं. ती, तिचा नवरा आणि मुलं आदल्या वर्षी पुण्याला कायमची परत गेली आणि घर विकायला काढून किल्ली माझ्याकडे ठेवून गेली. तिकडे बाणेरचा फ्लॅट ठरलेला, पण इथलं घर विकल्याशिवाय त्याचा ताबा मिळायचा नाही. तोवर सगळे सासरच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहत होते आणि मुलं रोज विचारत होती, आपल्या घरी कधी जायचं. एक गिऱ्हाईक आधीच हातचं गेलं होतं. हे दुसरं. एक इंग्लिश जोडपं, घर मनापासून आवडलेलं. आणि आता त्यांच्या सॉलिसिटरने, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाने, विचारलं होतं, गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीची लाइन कुणी टाकली आणि तिचा दाखला कुठे आहे?

ती लाइन मी टाकली होती.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तेव्हाही कुणाला पटत नसे. मी बी.ई. इलेक्ट्रिकल. लग्नाआधी भोसरीला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षं नोकरी केली. तिथे नुसती ड्रॉइंगं काढून चालत नसे, पॅनलच्या आत हात घालावा लागे. मग लग्न झालं, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे रीडिंगला आले. इथे माझी पदवी कुणी विचारीना. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी तिच्याच शाळेत वर्गात मदतनीस म्हणून लागले. कात्रीने कागदाची फुलपाखरं कापायची, लहान मुलांच्या नाड्या बांधायच्या. काम वाईट नव्हतं. पण आमच्या मराठी मंडळींत इलेक्ट्रिकचं काही निघालं की सगळे हमखास माझ्या नवऱ्याकडे वळायचे, याचा मला भयंकर राग यायचा. त्या माणसाला बल्ब बदलायचा म्हटलं की घाम फुटतो. हे मी प्रेमाने म्हणतेय.

मैत्रिणीच्या सासूबाई एकदा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांच्या भाकऱ्या आणि ठसक्याची फोडणी म्हणजे काय सांगू! पण फोडणी पडली रे पडली की स्मोक अलार्म घर डोक्यावर घ्यायचा. शिवाय हॉलमधल्या कोटांना वास बसायचा आणि मैत्रीण ऑफिसात अवघडून बसायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, मला गॅरेजमध्ये चूल मांडून द्या. मी म्हटलं, चूल नाही, शेगडी मांडू, मी करते.

आणि केलं. जिन्याखालच्या फ्यूजबोर्डापासून गॅरेजपर्यंत सहा स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी केबल, शेगडीला वेगळा ब्रेकर, मिक्सरला दोन पॉइंट, एक ट्यूब, धूर ओढायला भिंतीत पंखा. इंग्लंडात तेव्हा वायरींचे रंग नुकतेच बदलले होते. जुन्या लाल-काळ्याच्या जागी तपकिरी-निळ्या आल्या होत्या, त्यामुळे मी प्रत्येक जोड दोनदा तपासला. नवऱ्याने टॉर्च धरला, अधूनमधून चहा केला. शेवटी सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मी प्रत्येक बटणाशेजारी मार्करने मराठीत लिहिलं: शेगडी, मिक्सर, पंखा. बटण दाबलं, शेगडीची तार लाल झाली आणि सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षी आमच्या भागातल्या निम्म्या मराठी घरांचा दिवाळीचा फराळ त्या गॅरेजात तळला गेला. सकाळपासून बायका चकल्या पाडतायत, शेगडी तासन्‌तास चालू, आणि ब्रेकर एकदाही पडला नाही. मी मधूनच जिन्याखाली जाऊन बोर्डाला हात लावून यायची. गार! मला इतका आनंद व्हायचा की विचारू नका.

तर या कामाचा दाखला नव्हता. त्याच सुमाराला नियम आला होता की असलं काम करण्याआधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवायचं, आणि आम्हाला कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

"पण त्याला इथे विमा मिळतो ना?" मी मैत्रिणीला म्हटलं. ऑफिसातल्या कुणाचं तरी नवऱ्याकडून ऐकलं होतं. दाखला नसला तर विकणाऱ्याने एक छोटा विमा काढून द्यायचा, उद्या कौन्सिलने काही कटकट केली तर विमा कंपनी बघून घेते. अट एकच, कौन्सिलच्या कानावर काही घातलेलं नसलं पाहिजे.

मग मैत्रीण म्हणाली, "यानं मेल केलाय."

"कुणाला?"

"कौन्सिलला. दोन पानी."

मी कपाळावर हात मारला. तिचा नवरा अतिशय सज्जन माणूस. कचेरीशी संबंध आला की आपण होऊन सगळं खरंखरं लिहून द्यायचं आणि नम्रपणे मार्गदर्शनाची विनंती करायची, असं त्याच्या घरचं वळण. त्याने मुद्द्यांना क्रमांक घातले होते, गॅरेजचे फोटो जोडले होते, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. सॉलिसिटरने विमा सुचवायच्या आतच विम्याचा दरवाजा बंद झाला होता.

"आणि ऐक," मैत्रीण जरा चाचरत म्हणाली, "त्यात त्यानं लिहिलंय की काम आमच्या इंजिनियर मित्रानं केलं. म्हणजे तुझ्या नवऱ्याचं नाव दिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मला जिन्याखाली पालथी पडून वायर ओढताना पाहिलं होतं. स्वतःच्या हाताने मला पक्कड दिली होती! त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे मला कळत होतं. लिहिता लिहिता हातातून आपोआप पुरुषाचं नाव उतरलं, इतकंच. त्यामुळे तर मला जास्तच राग आला.

तेवढ्यात त्यानेच फोन घेतला. "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. एक सोपा उपाय आहे. त्याला म्हणावं, सगळं काढून टाक. वायरिंगच नसेल तर सर्टिफिकेट कशाचं? गिऱ्हाइकाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय, नाहीतर ते दुसरं घर बघणार."

उपाय खरंच सोपा होता. एका दुपारचं काम. पण तपासल्याशिवाय माझं काम उपटून टाकायचं? लग्नानंतर माझ्या शिक्षणातलं जे काही मी या हातांनी केलं होतं, ते तेवढंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "आधी टेस्ट करून घेऊ. नापास झालं तर मी स्वतः काढते, शुक्रवारच्या आत. पण टेस्ट व्हायलाच हवी."

तो काही बोलणार इतक्यात मागून मैत्रिणीचा आवाज आला, "करू दे तिला."

सोमवारी मी कौन्सिलला फोन केला. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या. नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून रिपोर्ट पाठवा, मग आमचा माणूस बघून जाईल आणि दाखला देईल. खरेदीदाराच्या सॉलिसिटरनेही कबूल केलं की शुक्रवारपर्यंत स्वच्छ रिपोर्ट आला तर ते थांबतील. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली. नवऱ्याला अर्धी रजा टाकावी लागली, कारण कागदोपत्री ‘काम करणारा’ तोच होता.

"मी काय बोलू त्याच्याशी?" त्याने विचारलं.

"तूच केलंयस ना? बोल की," मी म्हटलं. मी अजून घुश्शात होते.

बुधवारी शाळेतून परस्पर मी त्या घरी गेले. रिकाम्या घरात पाय ठेवला, गॅरेज उघडलं आणि एकेक पॉइंट बघत गेले. वायरिंग जशीच्या तशी होती. पण केबल भिंतीत जाते तिथे मी नीट क्लिप मारली होती ना? अर्थिंगचा स्क्रू पुरता आवळला होता ना? कॉलेजमध्ये व्हायव्हाच्या आधी होतं तसं सगळंच आठवेनासं झालं. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. कितीतरी वर्षांनी मला कशाचा तरी निकाल लागायचा होता.

इलेक्ट्रिशियन आला तो मूळचा कार्डिफचा, आडवातिडवा, बोलका माणूस. त्याने नवऱ्याशी जोरात हात मिळवला, मला हसून ‘मॉर्निंग’ केलं आणि जिन्याखालच्या बोर्डाचं झाकण उघडलं.

"ही केबल कितीची टाकलीस?" त्याने नवऱ्याला विचारलं.

"जाड," नवरा म्हणाला.

मी ओठ चावले. तो माणूस हसला, त्याला ती गंमत वाटली. गॅरेजात गेल्यावर बटणांशेजारची अक्षरं दिसली. "हे काय लिहिलंयस?"

"शेगडी, मिक्सर, पंखा," नवऱ्याने वाचून दाखवलं. इथे तो जरा सावरला. पण लगेच पुढचा प्रश्न आला. "शेगडीचा स्विच इतका लांब, दाराजवळ का घेतलास?"

नवऱ्याने छताकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे. आणि एकदम म्हणाला, "हे बघ, मी नुसता टॉर्च धरला होता. हे सगळं हिनं केलंय. शी इज द इंजिनियर."

तो माणूस माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "स्वयंपाक करणाऱ्या आजी नऊवारी नेसायच्या. काही पेटलंच तर शेगडीवरून हात न नेता बंद करता यावं म्हणून स्विच दाराजवळ घेतला."

त्याने एकदा स्विचकडे पाहिलं, एकदा शेगडीच्या जागेकडे, आणि मान हलवली. "राइट," तो म्हणाला, "मग इकडे ये आणि हे धर."

त्याने माझ्या हातात मेगरची एक तार दिली.

मेगर! इन्सुलेशन तपासायचं यंत्र. भोसरीला आमच्याकडे हाताने फिरवायचा जुना मेगर होता, त्याचा दांडा फिरवून फिरवून खांदा भरून यायचा. हा छोटा, बटणाचा, पिवळाधमक. पण तार हातात आली आणि माझी बोटं आपोआप योग्य जागी गेली. त्याने बटण दाबलं. आकडा चढत चढत यंत्राच्या टोकाला जाऊन थांबला, म्हणजे कुठेही गळती नाही. मग अर्थिंग तपासलं. उत्तम. प्रत्येक पॉइंट उघडून त्याने वायरी ओढून बघितल्या, एकही हलली नाही. तो आकडे बोलायचा, मी मनात तोंडपाठ सूत्रं घोळवायची आणि बरोबर, बरोबर म्हणायची. मी केव्हा मोठ्याने बोलायला लागले ते मला कळलंही नाही. नवरा दारात उभा राहून आमच्याकडे टेनिसची मॅच बघावी तसा बघत होता.

मग शेवटची टेस्ट. गॅरेजच्या पॉइंटवर मुद्दाम गळती करून बघायची. त्यासरशी बोर्डावरचा मोठा सेफ्टी स्विच खटकन पडला पाहिजे, कारण माणसाचा जीव वाचतो तो त्याच्यामुळे. त्याने बटण दाबलं.

काही झालं नाही.

त्याने परत दाबलं. ट्यूब आपली जळतेय. मनात आलं, संपलं. आता मीच हे सगळं उपटणार, आणि मग सगळे म्हणणार, बरं झालं काढलं. मैत्रिणीच्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. सासूबाई आठवल्या. तासन्‌तास या शेगडीपाशी ती म्हातारी उभी असायची आणि मी तिला सांगितलं होतं, आई, अगदी निर्धास्त राहा. मला रडू फुटेल असं वाटलं.

तो जिन्याखाली गेला. मी मागोमाग. त्याने पुढच्या खोलीतल्या पॉइंटवर तीच टेस्ट केली. तिथली वायरिंग घर बांधतानाची, माझा तिच्याशी संबंध नाही. तिथेही स्विच पडला नाही.

"तुझं काम नाही हे," तो म्हणाला. "स्विचच अडकलाय. जुना आहे, आणि घर बंद असलं की महिनोन्‌महिने कुणी हलवत नाही, मग असा चिकटतो."

मी मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. त्याने व्हॅनमधून नवा स्विच आणून बसवला आणि मला म्हणाला, "आता तू दाब."

मी गॅरेजात जाऊन दाबलं. खटाक! गॅरेजातली ट्यूब विझली. मी अशी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि तो इलेक्ट्रिशियन पोट धरून हसला.

रिपोर्ट त्याने संध्याकाळीच पाठवला. समाधानकारक. शेरा एकच होता: बटणांवरची नावं इंग्रजीत हवीत. मी लगेच जाऊन लिहिली. मराठी खोडली नाही, खालीच लिहिली.

शुक्रवारी सकाळी पुण्याला फोन लावला. पलीकडे आरडाओरडा झाला, मुलं नाचल्याचं ऐकू आलं. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "वा वा वा! वहिनी, मानलं त्याला! आला की पार्टी लागू म्हणावं!"

"कुणाला मानलं?" मी विचारलं.

त्याने जीभ चावली असणार. "अहो, म्हणजे तुम्हालाच हो. मला माहितीये की."

"मग कौन्सिलला तसं लिहा. दाखल्याच्या फाइलीत काम करणाऱ्याचं नाव चुकीचं आहे."

"आता कशाला वहिनी?" तो अजिजीनं म्हणाला. "आता सगळं सुरळीत चाललंय. परत काही लिहिलं आणि त्यांनी नवी शंका काढली तर? नाव काय, कुणाचंही असेना. काम झाल्याशी मतलब."

त्याचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं. घर त्यांचं, मुलं त्यांची, मी कोण हट्ट धरणार? मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, पण मी म्हटलं, "बरं, राहू दे."

तर मैत्रिणीनं फोन हिसकावून घेतला. ती मला नाही, त्यालाच म्हणाली, पण मला ऐकू यावं अशा बेतानं, "आधी न विचारता दोन पानं लिहिलीस ना? आता विचारून तिसरं लिही. तू लिहितोस की मी लिहू?"

त्याने लिहिलं. पुन्हा क्रमांक घालून. पहिल्या मुद्द्यात माझं संपूर्ण नाव, दुसऱ्यात माझी पदवी, फर्स्ट क्लाससकट, आणि तिसऱ्यात दिलगिरी. दोन्ही सॉलिसिटरांना प्रत. कौन्सिलने कसलीही शंका काढली नाही. त्यांचा माणूस आला, पाहून गेला, दाखला निघाला आणि घर विकलं गेलं. मैत्रिणीनं बाणेरच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून मुलांचा फोटो पाठवला. मी तो शाळेत सगळ्यांना दाखवत फिरले.

पुढे एका शनिवारी बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. त्या घरात राहायला आलेली इंग्लिश बाई दारात उभी होती. लग्नाचे केक करायचा तिचा धंदा होता आणि गॅरेज बघूनच तिने ते घर पसंत केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिला तिथे आणखी एक मोठा ओव्हन बसवायचा होता.

"विजेच्या कामाचं विचारायचं होतं," ती म्हणाली.

नवऱ्याने सवयीनं ‘बोला’ म्हणून मान पुढे केली.

"नाही, नाही," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरून आत डोकावली. "तुमच्याशी नाही. तुमच्या मिसेस आहेत का?"

नवरा आत वळला. मी हॉलमध्येच उभी होते. तो माझ्याकडे बघून इतका खुशीत हसत होता, जणू त्याचाच कुठे नंबर आला होता.

"करीन," मी त्या बाईला म्हटलं, "पण आधी कौन्सिलला कळवू."